लोखंडी नांगर व त्याचा कर्ता

(सायंकाळच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखविण्याकरिता धडा. तेरखेडा, जिल्हा धाराशिव.)



सोलापूर-धुळे रस्त्याने जाणारा परका मनुष्य आमच्या तेरखेड्यास थांबला, म्हणजे प्रथम फटाक्यांची चौकशी करितो. शोभेच्या दारूच्या धंद्याने ह्या गावाचे नाव दूरवर पोचविले आहे. परंतु रस्ता सोडून शिवारात चार पावले गेले, म्हणजे गावाचे खरे पोट कशावर चालते ते दिसते. बालाघाटाच्या पठारावरील ही जमीन कोठे काळी व खोल आहे, तर कोठे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, आणि पीक सर्वस्वी पावसाच्या भरवशावर असते.

ह्याच शिवारातील एका गोठ्याच्या भिंतीस दोन नांगर टेकलेले मी पाहिले. एक बाभळीच्या लाकडाचा, अर्धा वाळवीने खाल्लेला. दुसरा लोखंडाचा, गंजलेला. पलीकडे ट्रॅक्टर उभा होता. घरातील मुलाने आपल्या आजोबांस विचारले, "आबा, हे दोन कशाला ठेवलेत?" म्हातारबोवा म्हणाले, "लेकरा, ह्या लाकडाच्याला बैलांच्या जोड्यावर जोड्या लागायच्या. आन् ह्या लोखंडाच्याला हात लावायला माझा बाप भीत होता."

मुलगा हसला. नांगरास कोणी भितो काय? परंतु ती गोष्ट खरी आहे. लोखंडी नांगर महाराष्ट्रात प्रथम विक्रीस आला, तेव्हा शेतकरी त्यास भीत होते. ज्या मनुष्याने तो नांगर तयार केला, त्याने पहिला नांगर विकला जाण्याची दोन वर्षे वाट पाहिली. तो मनुष्य म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. त्यांचे चरित्र हाच आजच्या धड्याचा विषय होय.

१. बालपण व शिक्षण

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर ह्या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. अशा घरातील मुलाने ग्रंथ वाचावेत, सरकारी परीक्षा द्यावी व एखाद्या कचेरीत नोकरी धरावी, अशी त्या काळची रीत होती. परंतु ह्या मुलाचे चित्त पुस्तकात रमेना. त्यास दोनच गोष्टींची आवड होती: चित्रे काढणे व यंत्रे न्याहाळणे. हातांनी काम करणे हे त्या काळी उच्च मानलेल्या घराण्यांत कमीपणाचे समजत असत. हातोडा, रंधा व भाता ही इतरांची साधने मानली जात. ह्या मुलास मात्र त्यांचीच ओढ लागली.

वडील बंधू रामुअण्णा ह्यांनी धाकट्या भावाचा कल ओळखून त्यास पैशाचे साहाय्य दिले, आणि १८८५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यास गेले. दोन वर्षे बरी गेली. पुढे असे उघडकीस आले, की त्यांच्या दृष्टीत दोष असून काही रंग त्यांस नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणास ह्याहून मोठा धक्का कोणता? तेथेच निराश होऊन ते गावी परतले असते, तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी विचार केला, की रंग दिसत नसले तरी रेषा दिसतात. आणि यंत्राच्या आकृतीस रंग लागत नाही, बिनचूक रेषा लागते. तेव्हा त्यांनी रंगांची चित्रकला सोडली व यंत्रांच्या आकृत्या काढण्याची विद्या धरली.

त्याच सुमारास, म्हणजे १८८७ साली, मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही यंत्रविद्या शिकविणारी संस्था निघाली. तेथे लक्ष्मणरावांस दरमहा ४५ रुपये पगारावर आकृत्या शिकविणाऱ्या दुय्यम शिक्षकाची जागा मिळाली. वर्ग सुटल्यावर इतर शिक्षक घरी जात, तेव्हा हे संस्थेच्या कारखान्यात जाऊन स्वतः हत्यारे हाती धरीत. आकृतीत जे काढले ते लोखंडात कसे उतरते, हे ते तेथे शिकले. त्यांचे पुढील सर्व आयुष्य ह्याच मोकळ्या वेळेच्या शिक्षणावर उभे राहिले.

२. सायकलीचे दुकान

मुंबईत एके दिवशी त्यांनी एका पारशी गृहस्थास सायकलीवर बसून जाताना पाहिले. दोन चाकांचे हे वाहन त्या वेळी आपल्याकडे अगदी नवे होते. लक्ष्मणरावांनी बंधूस कळविले, आणि १८८८ साली बेळगावास दोघा भावांचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत व रामुअण्णा त्या विकीत. विकणे एवढ्यावर भागत नसे, कारण घेणाऱ्यास त्यावर बसता येत नसे. म्हणून रामुअण्णा गिऱ्हाइकास सायकल चालविण्यासही शिकवीत. नवी वस्तू विकणाऱ्याने ती वापरण्यास शिकविलेही पाहिजे, हा धडा दोघा भावांस ह्या धंद्यात मिळाला. पुढे नांगराच्या वेळी तो फार उपयोगी पडला.

काही वर्षांनी संस्थेत बढतीची जागा रिकामी झाली. ती लक्ष्मणरावांस मिळावयाची, परंतु मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थास. तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व बेळगावास येऊन बंधूच्या धंद्यास हातभार लावला. अपमान तर झालाच होता. परंतु त्यांनी तो उगाळीत न बसता स्वतःचा उद्योग उभारण्यास आरंभ केला.

३. कडबा कापण्याचे यंत्र

एकोणिसाव्या शतकाचा शेवट दख्खनच्या शेतकऱ्यास फार कठीण गेला. १८९६-९७ साली दुष्काळ पडला, आणि त्यातून सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० साली दुसरा पडला. माणसे तर मेलीच, परंतु गुरेही मेली. आणि ज्याचे बैल मेले त्याची शेती पाऊस पडल्यावरही उभी राहिना.

लक्ष्मणरावांनी शेतीकरिता आरंभी तयार केलेली वस्तू कडबा कापण्याचे यंत्र ही होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अख्ख्या ताटांची पेंढी बैलापुढे टाकिली, तर तो पाला व कोवळा भाग खातो आणि जाड बुडखे पायांखाली तुडवितो. तोच कडबा बारीक कापून घातला, म्हणजे बुडख्यासह पोटात जातो व तेवढीच गंज अधिक दिवस पुरते. ज्या मुलखात उन्हाळ्याच्या शेवटी कडब्याची एक एक पेंढी मोजून काढावी लागते, तेथे ह्या बचतीचे मोल शेतकऱ्यास समजावून सांगावे लागत नाही. यंत्र साधे होते: एक चाक, त्यास लावलेली पाती व फिरविण्याची मूठ.

४. जुना नांगर व नवा नांगर

आता मुख्य विषयाकडे येऊ. वर्गातील तरुणांपैकी पुष्कळांनी लाकडी नांगर चालताना पाहिला नसेल. म्हणून दोन्ही नांगरांतील भेद नीट सांगणे अवश्य आहे.

लाकडी नांगर म्हणजे बाभळीच्या वाकड्या खोडाची मोठी पाचरच होय. तिच्या टोकास लोखंडी फाळ बसविलेला असतो. बैल ओढू लागले म्हणजे ही पाचर मातीत घुसते व माती दोहो बाजूंस फाडीत पुढे जाते. माती फाटते, परंतु उलटत नाही. शिवाय दोन तासांच्या मध्ये न नांगरलेला एक वरंबा राहतो. तो मोडण्याकरिता आडवी नांगरट पुन्हा करावी लागते. काळ्या जड रानात ह्या नांगरास बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत, आणि इतके करूनही हरळी व कुंदा ह्यांची खोल मुळे जागच्या जागी राहत.

लोखंडी नांगराची रचना निराळी. त्याचा फाळ जमिनीखाली आडवा कापीत जातो, आणि फाळाच्या मागे वळणदार लोखंडी पंख असतो. कापलेला मातीचा पट्टा ह्या पंखावर चढतो, वळतो व पालथा पडतो. त्यामुळे वरचे गवत खाली गाडले जाते, खालची मुळे वर येतात, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात ती वाळून मरतात. मातीत दडलेले किडींचे कोशही वर येऊन उन्हाने व पाखरांनी नष्ट होतात. मोकळ्या झालेल्या जमिनीत पहिला पाऊस मुरतो. सारे कौशल्य त्या पंखाच्या वळणात आहे. वळण चुकले, तर माती उलटत नाही, नुसती ढकलली जाते, आणि बैलांचा जीव मात्र जातो.

असे नांगर विलायतेत व अमेरिकेत पूर्वीच तयार होत असत. यास्तव लोखंडी नांगराची मूळ कल्पना लक्ष्मणरावांची होती असे म्हणता येणार नाही. त्यांचे श्रेय असे, की जी वस्तू परक्या कारखान्यांतून यावयाची ती त्यांनी आपल्याच भूमीत, आपल्याच कारागिरांच्या हातांनी ओतून घडविली. १९०३ साली किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

५. वाट पाहण्याची दोन वर्षे

नांगर तयार झाला, परंतु घेण्यास कोणी येईना. शेतकरी म्हणत, "लोखंडाने जमिनीस विष चढते, पीक जळून जाईल." एक नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. लोखंड विकत घेतलेले, कारागिरांची मजुरी दिलेली, आणि दाराशी माल पडून राहिलेला, अशा स्थितीत दोन वर्षे काढणे म्हणजे काय, हे ज्याने सावकाराचे व्याज भरले आहे त्यास सांगावयास नको.

ह्या ठिकाणी वाचणारा सहज म्हणेल, की शेतकरी किती अडाणी! परंतु, बंधूंनो, निकाल देण्यापूर्वी दोन्ही बाजू तपासून पाहू.

विषाची गोष्ट खोटी होती, ह्यात संशय नाही. लाकडी नांगराचा फाळ तरी कशाचा होता? लोखंडाचाच. कुळवाची फास लोखंडाची, खुरपे लोखंडाचे, कुदळ लोखंडाची. पिढ्यान्‌पिढ्या ही हत्यारे मातीत चालत आली व पिके येत राहिली. तेव्हा शेतकऱ्याने आपल्याच औताकडे नीट पाहिले असते, तरी त्याचे भय गेले असते.

तथापि भयाच्या मुळाशी काही खऱ्या अडचणीही होत्या. पहिली अशी, की जेथे माती पातळ आहे तेथे खोल नांगरले, तर खालची कच्ची माती व मुरूम वर येतो, आणि त्या वर्षी पीक दबते. एकाचे पीक असे दबलेले दहा जणांनी पाहिले, की लोखंडास विष ठरविण्यास किती वेळ लागणार? दुसरी अडचण दुरुस्तीची. लाकडी नांगर मोडला, तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देई. ओतीव लोखंड मात्र ठिसूळ असते. त्यास तडा गेला, तर गावच्या लोहारास ते ठोकून सांधता येत नाही. तिसरी अडचण पैशाची. सुतारास खळ्यावर धान्य देऊन भागे. कारखान्याच्या नांगरास रोख रुपये लागत. ज्याच्या घरी वर्षाचे धान्य जेमतेम पुरते, त्याने न पाहिलेल्या वस्तूवर रोख रुपये टाकावे, आणि फसल्यास लेकरांनी उपाशी राहावे, हा सौदा त्यास सोपा वाटला नाही. विक्रेत्याचा नांगर पडून राहिला तर त्याचा पैसा अडकतो. शेतकऱ्याचा प्रयोग फसला तर त्याची भाकर जाते. हा भेद ज्यास समजत नाही, त्याने शेतकऱ्यास अडाणी म्हणू नये.

लक्ष्मणरावांनी धीर धरिला. दोन वर्षांनी पहिला नांगर गेला, त्यामागे हळूहळू दुसरे गेले. एकाच्या रानातील हरळी गेलेली शेजाऱ्याने बांधावरून पाहिली, म्हणजे त्यास निराळ्या व्याख्यानाची गरज राहत नसे.

६. इतर देशांतही असेच झाले

आपलेच लोक तेवढे संशयी, असे कोणी मानू नये. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील चार्ल्स न्यूबोल्ड ह्याने १७९७ साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तेथील शेतकरीही हेच म्हणाले, की लोखंडाने जमीन विषारी होते. शिवाय त्याचा नांगर एकसंध ओतलेला असल्यामुळे एक भाग मोडला की सर्वच वाया जाई. पुढे जेथ्रो वुड ह्याने १८१९ साली निरनिराळ्या भागांचा नांगर काढिला, जेणेकरून झिजलेला भाग तेवढाच बदलता यावा. ही युक्ती लहान दिसते, परंतु गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी होय. इंग्लंडात रॉबर्ट रॅन्सम ह्याने १८०३ साली असा फाळ काढिला, की त्याची खालची बाजू थंड साच्यावर ओतल्यामुळे कठीण होई व वरची मऊ राही. मऊ बाजू आधी झिजत असल्यामुळे फाळास आपोआप धार राहत असे.

ह्या सर्वांत जॉन डीअर नावाच्या लोहाराची गोष्ट आपणांस अधिक जवळची वाटेल. तो ज्या इलिनॉय प्रांतात राहावयास गेला, तेथील माती आपल्या काळ्या रानासारखी चिकण होती. ती ओतीव नांगरास चिकटून बसे, आणि शेतकऱ्यास पुन्हा पुन्हा थांबून ती खरडावी लागे. डीअरने १८३७ साली मोडक्या करवतीच्या गुळगुळीत पोलादाचा नांगर केला. माती त्यावरून घसरून पडू लागली. मृगानंतर काळ्या रानातून चालताना ज्याच्या वाहणेस शेरभर चिखल चिकटला आहे, त्यास ह्या शोधाचे मोल सहज कळेल.

७. माळावरील वसाहत

नांगराचा धंदा जरा बरा चालू लागला, तोच नवे संकट आले. बेळगावात ज्या जागेवर कारखाना होता, ती नव्या वस्तीकरिता हवी म्हणून नगरपालिकेने त्यांस उठविले. यंत्रे आहेत, माणसे आहेत, परंतु उभे राहण्यास जागा नाही, अशी स्थिती झाली.

अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी हे साहाय्यास आले. ते स्वतः चित्रकार होते व लक्ष्मणरावांशी त्यांचा स्नेह होता. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड ह्या लहान रेल्वे स्टेशनाजवळची ३२ एकर ओसाड जमीन दिली व पैशाचेही साहाय्य केले. १९१० साली लक्ष्मणराव आपल्या सोबत्यांसह तेथे आले. माळावर निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट, पाण्याची अडचण. परंतु आगगाडी जवळ होती. आणि नांगरासारखा जड माल दूरवर धाडावयाचा तर आगगाडी हवीच. (आपल्या बाजूस बार्शीची छोटी आगगाडी १८९७ साली सुरू झाली; तिने आपल्या मुलखातील मालाची चाल किती बदलली, हे जुन्या लोकांनी सांगितलेले आपण ऐकले आहे.) तो माळ साफ करून तेथे कारखाना, घरे व रस्ते झाले. त्या वसाहतीस किर्लोस्करवाडी हे नाव पडले, आणि पुढे स्टेशनाचेही नाव तेच झाले. आज ते ठिकाण सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आहे.

किर्लोस्करवाडीच्या दोन गोष्टी आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली ही, की तेथे लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली. त्या काळी गावोगावी पाणवठे निराळे होते, आणि आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांनी त्याचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. अशा काळी हा नियम घालणे म्हणजे प्रतिष्ठित समाजाचा रोष ओढवून घेणे होते. दुसरी गोष्ट ही, की तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांस त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले. ज्यांस गावाने चोर ठरविले त्यांच्याच हाती वसाहतीची राखण सोपविली! विश्वास टाकिल्याने मनुष्य बदलू शकतो, हे पुष्कळ जण बोलतात. रात्री स्वतःचे घर त्याच्या भरवशावर सोडून झोपणारे थोडे.

८. तोफांचे फाळ

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायतेहून लोखंड येणे कठीण झाले व कारखाना बंद पडण्याची वेळ आली. अशा वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या राज्यातील जुन्या तोफा वितळवून नांगर करण्याकरिता दिल्या, अशी हकीकत सांगतात. ज्या लोखंडातून एके काळी गोळे सुटत, तेच लोखंड शेतात चालू लागले. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात शस्त्रांची शेतीची हत्यारे होण्याचे जे चित्र आहे, ते आपण मंडळीत अनेकदा ऐकतो. ह्या हकीकतीत तेच चित्र आपल्याच मुलखातील भट्टीत उतरलेले दिसते.

१९२० साली धंद्याची रीतसर मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव ह्यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढिले. तेच पुढे 'किर्लोस्कर' ह्या नावाने मराठी घरांत पोचले. नांगरामागून उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे व पाणी उपसण्याचे पंप निघू लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले, आणि १९४६ साली पुण्यास तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा कारखाना निघाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचा अंत झाला. १९६९ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले.

९. यंत्राने काय दिले व काय घेतले

चरित्र येथे संपते, परंतु धडा संपत नाही. यंत्राची स्तुती करणे सोपे आहे. मात्र गावात बसून विचार करणाऱ्याने हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडिल्या पाहिजेत.

यंत्राने दिले ते पुष्कळ. हरळीने मातलेली राने पुन्हा पिकांखाली आली. बैलांचे व माणसांचे श्रम वाचले. मोटेवर पहाटेपासून बैलांच्या मागे पुढे-मागे चालणाऱ्या गड्याचे आयुष्य त्या धावेवरच सरत असे. पंप व इंजिन आले, तेव्हा त्याची त्या फेऱ्यांतून सुटका झाली.

यंत्राने घेतले तेही सांगितले पाहिजे. लाकडी नांगर गेला, तेव्हा सुताराचे बलुते गेले. मोट गेली, तेव्हा चांभाराचे काम गेले. बैल कमी झाले, तेव्हा नाडे व कासरे वळणाऱ्या मांगाचे काम गेले. बाभळीचा नांगर भाकरीच्या नात्याने गावाशी बांधलेला होता; लोखंडी नांगराचे नाते रोख पैशाशी होते. ज्याच्याजवळ पैसा व जमीन होती, तो पुढे गेला. ज्याच्याजवळ फक्त हात होते, त्यास काम शोधीत मुंबई, पुणे व सोलापूर गाठावे लागले. आज ट्रॅक्टराने तर तासाभरात रान उलटते. परंतु ज्या लहान शेतकऱ्याने दोन एकरांसाठी कर्ज काढून मोठे यंत्र घेतले, त्याच्या रानावर यंत्र चालते आणि त्याच्या मानेवर हप्ता.

मग यंत्र वाईट म्हणावे काय? नाही. तोट्याचे मूळ लोखंडात नव्हते, त्याची मालकी कोणाच्या हाती होती ह्यात होते. रामुअण्णांनी धाकट्या भावास पैसा दिला, औंधकरांनी जमीन दिली, सोबत्यांनी श्रम दिले. एकट्याने लक्ष्मणरावही उभे राहू शकले नसते. तेव्हा लहान शेतकऱ्यानेही एकट्याने मोठे यंत्र अंगावर घेऊ नये. चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावे, अथवा भाड्याने आणावे, आणि हिशेब सर्वांसमक्ष लिहून ठेवावा.

१०. ह्या धड्यापासून काय घ्यावे

एक: रंग दिसेनात तेव्हा लक्ष्मणरावांनी रेषा धरिल्या. आपल्या ठायी जे उणे आहे त्याचे रडगाणे न गाता, जे आहे त्याचा शोध करावा.

दोन: हातांच्या कामाची लाज धरू नये. दहा बुके शिकलेल्या मुलाने हातोडा धरिला, तर त्याचे शिक्षण वाया जात नाही.

तीन: नव्या वस्तूस आंधळेपणाने नाकारू नये, व आंधळेपणाने स्वीकारूही नये. प्रथम लहानशा वाफ्यात करून पाहावे. फसले, तर वाफाच जाईल, घर राहील.

चार: उन्हाळी नांगरटीपूर्वी आपल्या रानात तीन-चार ठिकाणी हातभर खड्डा खणून पाहावा. खोल काळी माती असेल, तर खोल नांगरट लाभदायक होते. वीतभर खाली मुरूम लागत असेल, तर खोल फाळ घालून तो वर आणू नये. आणि उतार असेल तेथे नांगराची तासे उतारास आडवी धरावी. उभी धरिल्यास पहिल्याच वळवात माती ओढ्यास मिळते. ट्रॅक्टरवाला घाईत असतो, सबब त्यास हे आधी सांगावे.

वर्गाकरिता प्रश्न

१. लाकडी व लोखंडी नांगराने माती निरनिराळ्या रीतीने कशी फाटते अथवा उलटते? जमिनीवर काठीने काढून दाखवा.

२. लोखंडाने जमीन विषारी होते, हे म्हणणे आपल्या घरातील कोणत्या अवजारांवरून खोटे ठरते?

३. शेतकऱ्याच्या भयात खरा भाग कोणता होता?

४. नांगराचे निरनिराळे भाग बदलता आल्याने गरीब शेतकऱ्याचा काय फायदा झाला?

५. तुरुंगातून सुटलेल्या माणसास आपल्या गावात कोणी काम देतो काय? देत नसल्यास का? आपण स्वतः देऊ काय?

पाचवा प्रश्न उपदेशक बंधूंनी शेवटी विचारावा, आणि उत्तराची घाई करू नये. लक्ष्मणरावांचा नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. कित्येक प्रश्न मनात रुजण्यासही तितका काळ लागतो.